नमुना सतरा

ग्रंथालयाच्या दारालगत नोटीस होती:
पदवीच्या मुलांनाही संशोधन करता येईल,
आठ आठवडे, महिना तीन हजार, अर्ज शुक्रवारपर्यंत.
खाली कुणीतरी पेनने लिहिलेलं, चहा कुणाचा?
मी अर्ज भरला.
‘या विषयात रुची का?’ चार ओळींची जागा.
लिहिलं: आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात.
तीन ओळी कोऱ्या राहिल्या.

हिरेमठ मॅडमनी तेवढ्यावरच घेतलं.
म्हणाल्या, प्रश्न तुझ्याकडं आहेच की,
आता मोजायला शीक.

आई कांड्या भरता भरता म्हणाली,
शिकायचं तू, आणि पैसे तेच देणार?
नीट विचारून ये. काहीतरी चुकलंय.

वडगाव, खासबाग, विष्णू गल्लीची मागची बाजू.
आवाजमापक धरून मी मागांमधून फिरले.
अठ्ठ्याण्णव. शंभर. एकशे एक डेसिबल.
हिरवे आकडे,
धोट्याच्या प्रत्येक फेकीला दचकणारे.
ज्या खोलीत मी दहावीचा अभ्यास केला
तिथं सत्त्याण्णव निघाले.
तीनदा मोजायचं असतं.
मी पाचदा मोजलं.

कान तपासायला मात्र शांतता लागते
आणि वडगावात शांतता फक्त करंट गेल्यावर.
म्हणून दोन महिने मी
लाइट जायची वाट बघितली.
गल्ली हेस्कॉमला शिव्या द्यायची,
मजुरी बुडायची,
आणि मी बॅटरीवरचं यंत्र काखेत मारून
अंगणवाडीच्या खोलीकडं पळायची,
चोरासारखी.

‘आवाज आला की हात वर करा.’
‘सद्दु केळिदरे कै एत्ति.’
दोन्ही भाषांत पाठ झालं, झोपेतही बडबडायचे.
तेवीस माणसं. कल्लाप्पा, दुर्गव्वा,
बाळेशचा धाकटा भाऊ, जो हात वर करून तसाच पेंगला.
बहुतेकांच्या आलेखात चार हजार हर्ट्झजवळ
तोच खळगा,
एकाच रस्त्यानं सगळे आल्यासारखा.

सतरावे बाबा.
आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले,
बँकेत सही करायला जातात तसे.
हेडफोन लावण्यासाठी त्यांची टोपी काढून
मी मांडीवर ठेवली. आत दोऱ्याची सुतं होती.
पाचशे: हात वर.
हजार: वर.
दोन हजार: जरा थांबून, वर.
चार हजार: वर. लगेच.
मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

पण नियम असा की मधेच एखाद्या वेळी
काहीच वाजवायचं नाही,
नुसतं बटणावर बोट ठेवायचं.
मी काहीच वाजवलं नाही.
बाबांनी हात वर केला.
पुन्हा नाही वाजवलं.
पुन्हा वर, आणि या खेपेला हसलेही,
माझ्या हाताकडं बघत.

सगळा वेळ ते माझं बोट ऐकत होते.

हेडफोन काढून जोरात विचारलं,
‘पास झालीस न्हवं?’
झालो का, असं नाही.
झालीस.

रात्री तक्ता भरला.
सतरा: प्रतिसाद विश्वासार्ह नाही, वगळला.
तेवीसचे बावीस झाले.
मॅडमनी वही बघितली, नाव नव्हतंच त्यात,
तरी थोडा वेळ त्याच ओळीवर थांबल्या.
मग म्हणाल्या, स, श यांचा बराचसा आवाज
तिथंच असतो बघ, चार हजारांच्या आसपास आणि वर.
मला आठवलं, ‘साखर संपली’ म्हटलं की
बाबा हल्ली विचारतात, काय संपली?
आणि आई चिडते.

पुन्हा तपासता येईल.
भिंतीकडं तोंड करून बसवायचं, पाठ माझ्याकडं,
बोट दिसणार नाही असं.
अहवाल शनिवारी द्यायचाय.
आज बुधवार. खाली माग चालू आहेत,
आणि लाइट काही जात नाही.